पोलिसांपुढचा कबुलीजबाब आणि एक वकील

आपल्या बॅचमध्ये फौजदारी वकिली करणारा मी एकटा आणि पोलीस खात्यात गेलेले तिघे. त्यामुळे भेटलो की एक प्रश्न हमखास येतो, "अरे, असल्या लोकांचे वकीलपत्र तू घेतोस तरी कसे?" स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा म्हटले, या प्रश्नाचे उत्तर थोड्या इतिहासाच्या आधाराने द्यावे.

महसूल वसूल करण्यासाठी आणि गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी सरकारी नोकर रयतेचा छळ करतात, हे मद्रास इलाख्यातल्या चौकशी आयोगाने १८५५ मध्ये कंपनी सरकारलाच लिहून दिले. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये नियम आला, की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही हा नियम कलम २३ म्हणून कायम आहे.

मधल्या काळात या नियमाला अपवाद झाले. १९८७ च्या टाडाने पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब ग्राह्य धरला. महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का आणि २००२ चा पोटा यांतही तशीच तरतूद आली. टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये रद्द झाला, मोक्का आजही लागू आहे.

या अपवादाचा अनुभव आधी आरोपी म्हणून आणि मग वकील म्हणून घेतलेला माणूस म्हणजे मुंबईचे शाहिद आझमी. जन्म १९७७ चा, वाढले गोवंडीत. १९९२ च्या दंगली त्यांनी पंधराव्या वर्षी पाहिल्या. त्यानंतर काश्मीरमधल्या अतिरेक्यांच्या छावणीत जाऊन ते परत आले. १९९४ मध्ये त्यांना टाडाखाली अटक झाली. पुराव्यात मुख्य आधार कबुलीजबाबाचा. तो आपण दिलाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तिहारमध्ये त्यांनी शिक्षण चालू ठेवले, सुटल्यावर कायद्याची पदवी घेतली आणि २००३ च्या सुमारास वकिली सुरू केली.

डिसेंबर २००२ मधल्या घाटकोपर बसस्फोटाचा पोटाखालचा खटला हा त्यांच्या सुरुवातीच्या खटल्यांपैकी एक. त्यातले आरोपी २००५ मध्ये पुराव्याअभावी सुटले. याच प्रकरणात पकडलेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये कोठडीतून नाहीसा झाला होता. तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचे पुढे आले आणि ४ पोलिसांवर आरोपपत्र दाखल झाले.

पोलिसांना आव्हान द्यायचे म्हणजे कोर्टात आवाज चढवायचा, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ते कागदांचे काम आहे. अटकेची वेळ, स्टेशन डायरीतली नोंद, पंचनाम्यावरची पंचांची सही, वैद्यकीय तपासणीचा अहवाल हे सगळे शेजारी शेजारी ठेवायचे आणि कुठे जुळत नाही ते शोधायचे. २६/११ च्या खटल्यात आझमी फहीम अन्सारीचे वकील होते. फहीमने दिलेला हाताने काढलेला नकाशा मृत अतिरेकी अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडला, असा सरकार पक्षाचा दावा होता. पँट रक्ताने माखलेली होती. नकाशावर मात्र रक्ताचा डाग नव्हता.

११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या कार्यालयात आझमींना गोळ्या घालून मारण्यात आले. वय अवघे ३२. ३ मे रोजी त्याच खटल्यात कसाब दोषी ठरला आणि फहीम निर्दोष सुटला. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निर्णय कायम केले.

११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतल्या काही आरोपींचेही ते वकील होते. १८० हून अधिक माणसे त्या संध्याकाळी गेली. शिक्षा झालेल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले आणि त्यांचे कबुलीजबाब नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत नजीर म्हणून वापरण्यास स्थगिती दिली आहे. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलेले नाही.

पोलीस खात्यातल्या माझ्या मित्रांना मला हेच सांगायचे आहे. ज्यांची माणसे त्या लोकलमधून घरी आली नाहीत, त्यांना १९ वर्षांनंतरही गुन्हेगार कोण याचे पक्के उत्तर मिळालेले नाही. कबुली हातात आली की पुढचा तपास सैल पडतो आणि त्याची किंमत आरोपीइतकीच या कुटुंबांनाही मोजावी लागते. वकिलाने कागद तपासले, प्रश्न विचारले, तर तपास पक्का होण्याची शक्यता वाढते. आपल्या शाळेतून यापुढेही पोलीस घडतील, वकीलही घडतील. कलम २५ कशामुळे आले, हा इतिहास त्या दोघांनीही एकदा वाचावा.