प्लगइनमधून शिरलेली स्क्रिप्ट : एका जुन्या चुकीचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : पासवर्ड मजबूत आहे, कुणाला सांगितलेला नाही, तरीही वेबसाइट हातातून जाते ती कशी? आज त्याच वाटेनं जाऊ या. सुरुवात जरा अलीकडून करू आणि मग मागे जाऊ.

2019 सालची गोष्ट. वर्डप्रेसवर दुकान चालवायचं तर बहुतेक जण वूकॉमर्स वापरतात. त्याला जोडायचं एक प्लगइन होतं, ॲबँडन्ड कार्ट लाइट. वीस हजारांहून जास्त दुकानांत ते बसवलेलं होतं. त्याचं काम साधं. गिऱ्हाईक टोपलीत वस्तू भरतं, नाव-पत्ता लिहायला लागतं आणि मध्येच निघून जातं. अशा अर्धवट सोडलेल्या टोपल्यांची यादी हे प्लगइन मालकाला दाखवायचं. आता कुणीतरी नावाच्या रकान्यात नाव लिहिलंच नाही, तिथे स्क्रिप्टचा एक तुकडा टाकला आणि निघून गेलं. प्लगइननं तो जसाच्या तसा डेटाबेसमध्ये ठेवला. पुढे कधीतरी मालकानं लॉगिन करून यादी उघडली. ब्राउझरला त्या रकान्यात नाव दिसलं नाही, हुकूम दिसला, आणि त्यानं तो पाळला. स्क्रिप्टनं मालकाच्याच अधिकारात एक नवा ॲडमिन तयार केला. एवढ्यावर थांबली नाही. बंद करून ठेवलेलं एखादं जुनं प्लगइन शोधून त्याच्या फाइलमध्ये चोरदरवाजाही घातला. म्हणजे उद्या तो उपरा ॲडमिन सापडला आणि काढून टाकला, तरी दुसरी वाट शिल्लक.

बघा, इथे पासवर्ड कुणी फोडलाच नाही. मालक स्वतः आत आला होता, चोर त्याच्याबरोबर आला.

हे मुळात शक्य का झालं, त्यासाठी 1995 पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचं पहिलं रूप दहा दिवसांत लिहिलं. तोवर वेबपान म्हणजे वाचायचा कागद होता, आता त्यात चालणारा कोड आला. एका साइटच्या स्क्रिप्टनं दुसऱ्या साइटच्या पानात डोकावू नये, असा नियमही नेटस्केपनं लगेच केला. नियम चांगला होता, आजही तोच पाया आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली होती : साइटवरून जे येतं ते साइटच्या मालकाचंच असतं. पुढे पानांवर परके लोक लिहू लागले, अभिप्राय, नावं, पत्ते, आणि ते गृहीतक तिथेच मोडलं. ब्राउझरला लेखक कोण हे कळत नाही, पान कुठून आलं एवढंच कळतं.

2000 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अभियंत्यांनी या प्रकाराला नाव दिलं, क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग. 2 फेब्रुवारीला अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेनं इशाराही काढला. सीएसएस हे लघुरूप आधीच दुसऱ्या कामाला लागलेलं होतं, म्हणून एक्सएसएस. आमच्या मते हे नाव फसवं आहे. साठवलेल्या प्रकारात, ज्याला स्टोअर्ड म्हणतात, एका साइटवरून दुसरीकडे उडी मारायचं काही कारणच नसतं. सगळं एकाच घरात घडतं.

जगाला याची ताकद दिसली ती 4 ऑक्टोबर 2005 ला. सॅमी कमकार हा एकोणीस वर्षांचा मुलगा. मायस्पेसवर लोकांना आपलं प्रोफाइल सजवता यायचं, पण 'जावास्क्रिप्ट' हा शब्द दिसला की फिल्टर तो काढून टाकायचं. सॅमीनं काय केलं? शब्दाच्या मधोमध ओळ तोडली. फिल्टरला दोन निरर्थक तुकडे दिसले, काही ब्राउझरांनी मात्र ते जोडून वाचले. जो त्याचं प्रोफाइल पाहील त्याच्या प्रोफाइलवर 'सॅमी माझा हिरो आहे' अशा अर्थाची ओळ उमटायची, सॅमीला मैत्रीची विनंती जायची आणि कोडही पुढे चिकटायचा. वीस तासांत दहा लाखांवर लोक त्यात सापडले. मायस्पेसला साइट बंद ठेवावी लागली. त्यानं कुणाचं काही चोरलं नव्हतं, पण शिक्षा झालीच. 2007 मध्ये गुन्हा कबूल केल्यावर तीन वर्षं प्रोबेशन.

वाईट शब्दांची यादी करून भागत नाही, हा धडा मोठ्या कंपन्यांनी तेव्हा घेतला. खरा उपाय वेगळा होता. मजकूर पानावर छापताना त्यातल्या कोनी कंसांसारख्या खुणा अशा बदलायच्या, की ब्राउझरनं त्या नुसत्या दाखवाव्यात, पाळू नयेत. याला एस्केपिंग म्हणतात. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी तयार फंक्शनं 2009 सालच्या 2.8 आवृत्तीपासून आहेत. एका ओळीचं काम! मग दहा वर्षांनी त्या टोपलीच्या यादीत ते का नव्हतं?

कारण प्लगइनची सोय. ती 2004 मध्ये, 1.2 आवृत्तीत आली आणि वर्डप्रेस वाढलं ते बरंचसं तिच्यामुळेच. मूळ सॉफ्टवेअरवर अनेकांची नजर असते. प्लगइन मात्र बहुधा एखाद-दोन माणसं सांभाळतात, कित्येकदा फुकट. आणि एकदा बसवलं की त्याच्यात आणि मूळ सॉफ्टवेअरमध्ये भिंत नसते, दोघांना सारखेच अधिकार. शिवाय लिहिणाऱ्याच्या मनात असतं, की हे पान फक्त ॲडमिनला दिसणार, इथे कसली भीती? नेमकं तेच पान सगळ्यात धोक्याचं, कारण ते उघडणाऱ्याच्या हातात सगळ्या किल्ल्या असतात.

बरं, हे छोट्यांचंच दुखणं असं समजू नका. लाइटस्पीड कॅश पन्नास लाखांवर साइट्सवर होतं. ॲडमिनला सूचना दाखवणारा त्याचा एक भाग बाहेरून कुणालाही हाक मारता येईल असा उघडा राहिला होता, आणि सूचनेचा मजकूर एस्केप होत नव्हता. ऑक्टोबर 2023 मध्ये 5.7.0.1 आवृत्तीत दुरुस्ती झाली. तरी 2024 च्या वसंतात हल्ले सुरूच होते, ज्यांनी जुनी आवृत्ती बदलली नव्हती त्यांच्यावर. पद्धत तीच, गुपचूप नवा ॲडमिन.

आपल्याकडची कितीतरी दुकानं, शाळा, छोटी नियतकालिकं वर्डप्रेसवरच आहेत, म्हणून जाता जाता एक सांगतो. दुरुस्ती बसवली की नवा मजकूर आत यायचा थांबतो. पण आधी डेटाबेसात येऊन पडलेली ओळ आपोआप जात नाही. दुरुस्ती फक्त आत येणाऱ्या मजकुराची असेल आणि छापताना एस्केप केलेलं नसेल, तर ती ओळ पुढच्या लॉगिनला पुन्हा चालते. म्हणून वापरकर्त्यांच्या यादीतले ॲडमिन एकदा मोजून बघा, आणि बंद पडलेली प्लगइन नुसती बंद ठेवू नका, काढून टाका.