अंश आणि छेद : मुंबई ते बार्शी, कर्करोगाच्या मोजणीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोग हा पाश्चात्त्य, सधन देशांचा रोग असून हिंदुस्थानात तो क्वचितच आढळतो, असा समज वैद्यकीय वर्तुळात बराच रूढ होता. येथील सरासरी आयुर्मान त्या काळी तीस-बत्तीस वर्षांच्या आसपास असल्यामुळे उतारवयात बळावणारा हा रोग होण्याआधीच बहुसंख्य माणसे अन्य कारणांनी दगावत, आणि ज्यांना तो होई त्यांतलेही थोडेच रुग्णालयापर्यंत पोहोचत, ही साधी गोष्ट त्या समजात हिशेबात धरलेली नव्हती. १९३०च्या दशकात नाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी देशभरातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून हा रोग येथे दुर्मीळ नसल्याचे दाखवून दिले. परंतु त्यांच्याही हाती रुग्णालयात आलेल्यांचीच संख्या होती. गणिताच्या भाषेत सांगायचे तर अपूर्णांकातील अंश मिळाला होता, छेद मिळाला नव्हता. अमुक इतके रुग्ण सापडले हे कळते, पण ते किती लोकसंख्येतून सापडले हे कळत नाही, तोवर एका गावाची दुसऱ्याशी किंवा एका समाजाची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही. भारतातील कर्करोगाच्या साथरोगशास्त्राचा, म्हणजे रोग कोणाला, कोठे, किती प्रमाणात आणि कशामुळे होतो हे लोकसमूहांच्या पातळीवर शोधणाऱ्या शास्त्राचा, इतिहास बऱ्याच अंशी या छेदाच्या शोधाचा इतिहास आहे, आणि त्याचे महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रात घडले आहेत.

आरंभ मात्र छेदाने झाला नाही, तो सवयींच्या निरीक्षणाने झाला. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळांची सूत्रे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीइतकेच त्यांचे लक्ष त्या पेशीच्या मालकाच्या राहणीकडे असे. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात भारतीय रूढींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार मांडले : धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट कसल्याने तेथील त्वचेला होणारा, चुट्ट्याचे, म्हणजे देशी चिरुटाचे, पेटते टोक तोंडात धरून ओढण्याच्या आंध्र किनाऱ्यावरील प्रथेमुळे टाळूला होणारा, आणि तंबाखू-चुन्याची चिमूट खालच्या ओठाआड ठेवल्याने त्याच जागी उद्भवणारा. रोगाचे स्थान आणि सवयीचे स्थान एकच असणे हा पुरावा डोळ्यांना दिसणारा असला, तरी ती सवय असलेल्या किती जणांना रोग होतो आणि नसलेल्या किती जणांना होतो, हे त्यावरून सांगता येत नव्हते.

ते सांगण्याच्या दिशेने पहिले ठाम पाऊल १९५५ मध्ये पडले. त्या वर्षी ल. द. संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणे व चघळणे यांचा मुख, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासणारा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्याची पद्धत रुग्ण-नियंत्रक तुलनेची होती, म्हणजे रोग झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या पूर्वीच्या सवयी विचारून त्यांची तुलना करायची. हीच पद्धत डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांत सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांच्यासाठी वापरली होती. पण तेथील प्रश्नावली मुंबईत जशीच्या तशी चालणारी नव्हती. येथे बिडी वेगळी, विडा वेगळा, विड्यात तंबाखू आहे की नाही हा प्रश्न त्याहून वेगळा, आणि सकाळी भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावणारी स्त्री तंबाखूबद्दल विचारले असता सहज ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे असते. प्रश्न लोकांच्या शब्दांत विचारला नाही तर उत्तर खोटे मिळते, आणि ते खोटे असल्याचे कोणत्याही संख्याशास्त्रीय सूत्रातून पुढे उघड होत नाही.

छेद हाती आला तो १९६३ मध्ये, डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई कर्करोग नोंदणी केंद्र सुरू केले तेव्हा. एका निश्चित भूभागातील, म्हणजे बृहन्मुंबईतील, रहिवाशांना होणाऱ्या प्रत्येक नव्या कर्करोगाची नोंद ठेवणारे हे देशातील पहिले लोकसंख्याधिष्ठित केंद्र होय. कर्करोगाची खबर सरकारला देण्याचे बंधन डॉक्टरांवर नसल्यामुळे केंद्राच्या कर्मचाऱ्यांना स्वतःच रुग्णालये, खाजगी शुश्रूषागृहे आणि प्रयोगशाळा यांच्याकडे पुनःपुन्हा जावे लागे, आणि महापालिकेच्या मृत्युनोंदीही चाळाव्या लागत. या कामाचे वर्णन शास्त्रीय निबंधात एका ओळीत उरकले जाते, वस्तुतः सारे शास्त्र त्यावरच उभे असते. एकच रुग्ण तीन ठिकाणी तपासला जातो आणि तीन प्रकारे लिहिला जातो; एका कागदावर आडनाव नसते, दुसऱ्यावर वय पाच वर्षांनी कमी असते, स्त्रीचे नाव माहेरचे की सासरचे याचा भरवसा नसतो. ही तिन्ही माणसे एकच आहेत हे ओळखले नाही तर अंश फुगतो. उलट, कोकणातून किंवा विदर्भातून उपचारांसाठी आलेला माणूस दादर-परळच्या नातेवाइकाचा पत्ता देतो. तो मुंबईकर म्हणून मोजला गेला तर अंश एका लोकसंख्येतला आणि छेद दुसऱ्या लोकसंख्येतला, असा घोटाळा होतो. म्हणून निदान वर्षभर शहरात राहिलेल्यालाच रहिवासी धरण्याचा नियम करण्यात आला. जनगणनेतून मिळणाऱ्या लोकसंख्येने या नोंदींना भागले की दर लाख लोकांमागे वर्षाला किती नवे रुग्ण, हा आकडा निघतो, आणि तरुणांची वस्ती व वृद्धांची वस्ती यांची तुलना न्याय्य व्हावी यासाठी तो एका प्रमाण वयोरचनेला लावून पुन्हा काढला जातो, त्याला वयानुरूप प्रमाण म्हणतात.

मुंबईसारख्या शहरात या आकड्यांचा आणखी एक लाभ झाला, कारण अनेक धर्मांचे आणि चालीरीतींचे समाज येथे एकाच हवापाण्यात राहतात. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कमी, हे याच नोंदणीतून पुढे आले. रोगाचे कारण केवळ रक्तात किंवा मातीत नव्हे तर जगण्याच्या रीतीतही शोधावे लागते, याला एवढा जवळचा आधार क्वचितच मिळतो.

या पायावर ज्यांचे संशोधन उभे राहिले त्यांत साथरोगशास्त्रज्ञ कस्तुरी जयंत यांची वाटचाल विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १९७७ मध्ये बालकृष्णन, संघवी आणि जस्सावाला यांच्यासह त्यांनी तंबाखूचा वाटा मोजण्याचा प्रयत्न केला, म्हणजे तंबाखूची सवयच नसती तर मुख, घसा आणि अन्ननलिका यांचे किती कर्करोग टळले असते, हे काढले. त्याच सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागात फली मेहता आणि त्यांचे सहकारी घरोघर जाऊन ग्रामस्थांची तोंडे तपासत होते. एकट्या पुणे जिल्ह्यात त्यांनी १,०१,७६१ जणांची तपासणी केली. त्या गटातील प्रकाश गुप्ता यांनी पुढे १९९०च्या दशकात मुंबईच्या मतदारयाद्याच छेद म्हणून वापरल्या आणि पस्तिशीपुढील सुमारे एक लाख नागरिकांच्या सवयी नोंदवून त्यांच्या मृत्यूंचा मागोवा घेतला.

परंतु मुंबईचा आकडा हा महाराष्ट्राचा आकडा नव्हे. खेड्यात ना प्रयोगशाळा, ना विश्वसनीय मृत्युदाखला. तेथे मुंबईची रीत नेली असती तर कर्करोग नाहीच, असा जुना समज नव्या आकड्यांनिशी परत आला असता. म्हणून १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी जेव्हा देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा टाटा स्मारकातून तिची आखणी करणाऱ्या जयंत आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. नेने यांनी दिशाच उलटी केली. कर्मचारी गावात जात, सरपंच, शिक्षक, जाणती माणसे यांना भेटत, बरी न होणारी तोंडातली जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव ही लक्षणे समजावून सांगत, आणि ज्याच्यात ती दिसत त्याला तपासणीसाठी बार्शीला येण्यास राजी करीत. एकूण कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या साधारण निम्मे किंवा त्याहूनही कमी निघाले. स्तनाचा कर्करोग फारच कमी, गर्भाशयमुखाचा मात्र मुंबईहून अधिक. त्याहून महत्त्वाचे असे की, मोजण्यासाठी केलेल्या या संभाषणांमुळेच स्त्रिया रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जयंत आणि सहकाऱ्यांनी दाखवले. मोजणारा माणूस बाहेरचा साक्षीदार असतो ही कल्पना बार्शीत टिकली नाही, आणि ती टिकली नाही हे फार चांगले झाले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा तो वाढीव आकडाच पुढील कामाचे कारण ठरला. उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी, त्या संस्थेच्या शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना गावांच्या ५२ गटांनुसार चार भागांत विभागले : एका भागाला या रोगास कारण असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी, दुसऱ्याला पेशींची तपासणी, तिसऱ्याला सौम्य सिरक्याचा द्रव लावून डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि चौथ्याला नेहमीची उपलब्ध सेवा. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा विषाणू-चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. विषाणू-चाचणी प्राथमिक तपासणी म्हणून जगभर स्वीकारली जाण्यास जे पुरावे कारणीभूत झाले, त्यांत या आकड्यांचे स्थान मोठे आहे. तपासणीने जीव वाचतात हे इतरत्र ठाऊक असताना चौथा गट विनातपासणी ठेवणे योग्य होते काय, असा आक्षेपही या अभ्यासावर घेतला गेला. त्यावर, त्या जिल्ह्यात तशी कोणतीही संघटित सेवा मुळात नव्हतीच, असे उत्तर देण्यात आले. उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, तरी आक्षेप त्याने पूर्णपणे मिटत नाही, कारण छेदातील त्या ३१,४८८ पैकी प्रत्येकीचे गाव, घर आणि वय नोंदणाऱ्यांना माहीत होते.