गंजिफा, हानाफुदा आणि शनवाऱ्याची कॅसेट

आमच्या बऱ्हाणपुरात इतिहास म्हटला की माणसे शाही किल्ल्याकडे बोट दाखवतात. 1631 साली मुमताजमहल इथेच वारली, हे लालबाग स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्याला कुणी ना कुणी सांगतेच. मी आज ज्या इतिहासाबद्दल लिहिणार आहे, तो मात्र एका पिवळ्या प्लॅस्टिकच्या कॅसेटचा आहे.

1993 साली आमच्या दादाने शनवाऱ्याजवळ एक गाळा भाड्याने घेतला, दोन टीव्ही मांडले आणि व्हिडिओ गेमचे दुकान काढले. तासावर पैसे, आणि घरी खेळायला कॅसेट भाड्याने. वडिलांची सारी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेली. त्यांनी दुकान एकदाच पाहिले आणि म्हणाले, "हा पत्त्यांचाच अड्डा. फक्त पत्ते दिसत नाहीत." दादाला ते लागले. दोघांत वर्षभर धड बोलणे नव्हते.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की वडील नकळत अगदी बरोबर बोलले होते. ज्या यंत्राची नक्कल दादाच्या दुकानात होती, ते मुळात काढणारी निन्टेंडो ही जपानी कंपनी पत्तेच करीत असे. 1889 मध्ये क्योटोत फुसाजिरो यामाउची याने ती काढली, हानाफुदा नावाचे फुलांचे पत्ते बनवण्यासाठी. बारा महिन्यांची बारा फुलझाडे, प्रत्येकाची चार पाने, एकूण 48. जपानमध्ये पत्ते नेले पोर्तुगीजांनी, म्हणजे गोव्यावरून पुढे मकाव आणि नागासाकीला जाणाऱ्या त्यांच्याच जहाजांनी. तिकडच्या राज्यकर्त्यांनी जुगार म्हणून पत्त्यांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली. मग लोकांनी आकडे काढून टाकले आणि फुले आणली. बंदीतून निघालेली ही युक्ती. विक्रीचे शास्त्र शिकवणारे आज तिला काय नाव देतील, कोण जाणे.

पण पत्त्यांचा धागा खुद्द आमच्या गावातूनही जातो. बाबराने 1527 मध्ये ठठ्ठ्याच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवले, कारण त्याला त्या खेळाची फार आवड होती. ही नोंद बाबरनाम्यात आहे. त्या तुर्की ग्रंथाचा फारसी अनुवाद 1589 मध्ये अकबरापुढे ठेवला तो अब्दुर्रहीम खानखानानने, आणि याच रहीमने पुढे आयुष्याची कितीतरी वर्षे बऱ्हाणपुरात सुभेदारी केली. ज्या कुंडी भंडाऱ्याचे पाणी आम्ही पाहुण्यांना कौतुकाने पाजतो, तोही त्याच्याच काळातला, 1615 चा. अकबराने गंजिफात स्वतः फेरफार केले, असे अबुल फजल आईन-ए-अकबरीत लिहितो. मुघल गंजिफा पुढे स्थिरावला तो आठ रंगांचा, 96 पानांचा: ताज, शमशेर, गुलाम वगैरे.

दरबारात हे ठीक. पण दक्षिणेतल्या, कोकणातल्या माणसाला शमशेर आणि गुलाम यांचे काय सोयरसुतक? तिथे कुणीतरी डोके चालवले. आठाचे दहा रंग केले आणि प्रत्येक रंगाला एक अवतार दिला: मत्स्य, कूर्म, वराह, असे कल्कीपर्यंत. दशावतारी गंजिफाची पाने 120. दिवसा खेळ रामापासून सुरू व्हायचा, रात्री कृष्णापासून. खेळाची रीत बरीचशी तीच, चित्रे बदलली, आणि जुगार म्हणून नाक मुरडणाऱ्या घरातही डबा शिरला, कारण पाने पिसताना निदान देवाचे नाव तरी तोंडी येत होते. सावंतवाडीच्या चितारींनी ही कला टिकवली. ती मरणपंथाला लागली तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला पुन्हा उभे केले.

आता निन्टेंडोकडे पाहा. संस्थापकाचा पणतू हिरोशी यामाउची 1949 मध्ये गादीवर आला. 1953 मध्ये त्याने प्लॅस्टिकचे पत्ते काढले आणि 1959 मध्ये त्यांवर डिस्नेची चित्रे छापली. जुगाऱ्यांचा माल एकदम मुलाबाळांच्या घरात गेला. कोकणात रामकृष्णांनी केले ते तिथे मिकी माऊसने केले, एवढाच फरक. मला तर वाटते, 1983 च्या जुलैत बाजारात आलेल्या फॅमिकॉम या यंत्राचे निम्मे यश त्या पत्त्यांतच शिकलेले होते.

त्याच 1983 साली अमेरिकेत मात्र या धंद्याचे दिवाळे निघत होते. अटारी कंपनीने 1982 च्या नाताळासाठी ई. टी. चित्रपटावरचा खेळ अवघ्या पाचेक आठवड्यांत तयार करवून घेतला. तो लोकांच्या पसंतीस उतरला नाही. बाजारात वाटेल त्याचे वाटेल तसले खेळ येऊन पडले होते, वरचे चित्र झकास आणि आत काहीच नाही. गिऱ्हाईक एकदा फसले, दोनदा फसले, मग फिरकलेच नाही. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या उकिरड्यात पुरल्या. 2014 मध्ये त्या उकरून काढल्या तेव्हा लोक तमाशा बघावा तसे जमले.

आमच्या शनवाऱ्यातही हेच घडले, लहान मापाने. दादाने एका व्यापाऱ्याकडून कॅसेट आणली. वर ठसठशीत लिहिलेले: 9999 खेळ. एका मुलाने ती रविवारसाठी नेली आणि संध्याकाळी रडवेला होऊन परत आला. आत खेळ सातच होते. तेच सात फिरून फिरून, कधी दुसऱ्या नावाने, कधी तिसऱ्या टप्प्यापासून. मुलाचे वडील दुकानात येऊन चार माणसांत बोलून गेले. दादाने पैसे परत केले. पण पुढचा महिनाभर कॅसेट न्यायला कुणी आले नाही, आणि गाळ्याचे भाडे आईच्या पाटल्या गहाण टाकून भरले.

निन्टेंडोपुढे हाच प्रश्न मोठा होऊन उभा होता. 1985 मध्ये न्यूयॉर्कचे दुकानदार व्हिडिओ गेम म्हटले की दार लावत. कंपनीने ते नावच टाळले, यंत्र व्हीसीआरसारखे दिसेल असे केले, सोबत एक खेळण्यातला यंत्रमानव दिला, आणि न खपलेला माल परत घेण्याची हमी दिली. प्रत्येक खेळावर दर्जाची मोहोर. यंत्रात कुलूप असावे तशी एक चिप, म्हणजे परवान्यावाचून केलेली कॅसेट चालायची नाही. बाहेरच्या प्रकाशकाला वर्षाला पाचच खेळ. यात गिऱ्हाइकाचे भले होते हे खरे, पण सगळ्या नाड्या एका कंपनीच्या मुठीत गेल्या हेही खरे. छोटे प्रकाशक कुरकुरत राहिले.

गंमत अशी की जपानमधल्या मूळ फॅमिकॉममध्ये ते कुलूप नव्हते. म्हणून तैवानमध्ये त्याच्या नकला धडाधड निघाल्या. आपल्याकडे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर 2001 पर्यंत निर्बंध होते, तेव्हा अस्सल यंत्र सामान्य माणसाला दिसणेच कठीण. मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची यंत्रे आली आणि मारिओ व काँट्रा घरोघर पोचले. ज्या पोरांनी ते खेळ खेळले, त्यांतल्या बहुतेकांनी निन्टेंडो हे नावही ऐकले नव्हते.

दादाने त्या महिन्यानंतर काय केले ते सांगतो. प्रत्येक कॅसेट रात्री स्वतः लावून पाहायची, खरे खेळ मोजायचे आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर आकडा लिहून डकवायचा. त्यावर घरात वाद झाला: खेळ लिहायचे की खेल? निम्मी गिऱ्हाइके हिंदी बोलणारी. ज्या गावच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतात लेख कोरलेला आहे, तिथे यावर भांडण व्हावे हे जरा नवलच. शेवटी आई म्हणाली, नुसता आकडाच लिही. तेव्हापासून '9999' वर पट्टी आणि पट्टीवर '7'. पोरे हसली, पण परत आली. पाटल्या सुटल्या. वडील एकदा दुकानात येऊन बसले, काही बोलले नाहीत, चहा मात्र घेतला. केबल आणि कॉम्प्युटर आले तसे दुकान आटत गेले आणि 2002 मध्ये दादाने गाळा सोडला.

2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींचा 'राजी' हा खेळ आला. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता. भावाला सोडवायला असुरांशी लढणारी मुलगी आणि तिची कथा सांगणारे विष्णू आणि दुर्गा. आणि तो सर्वांत आधी उतरला निन्टेंडोच्याच यंत्रावर. गेल्या दिवाळीत माझी मुलगी पुण्याहून ते यंत्र घेऊन आली. दादा चष्मा लावून बराच वेळ पाहत बसला. मग विचारले, "यात खेळ किती?"

"एकच, काका."

"वर काय लिहिलंय?"

"एकच."

दादाने मान डोलावली आणि सरकून जवळ बसला.