विरलेले लुगडे, वाढत्या मापाचे परकर

मुरगूड : नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते, पण ते सगळे एकाच वेळी विरत नाही. कासोट्याचा आणि बैठकीचा भाग आधी झिजतो. काठालगतची पट्टी व पदर मात्र दीर्घकाळ टिकतात. घरगुती शिवणकामातील काटकसर या साध्या निरीक्षणावर उभी आहे. कागल तालुक्यात वेदगंगेच्या काठी वसलेल्या मुरगूडच्या परिसरात, तसेच सबंध कोल्हापूर जिल्ह्यात ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली.

दंडापासून झबल्यापर्यंत

लुगडे मध्येच विरले, की तेवढा भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडले जात. या जोडाला ‘दंड’ म्हणतात. दंडाचे लुगडेही जीर्ण झाले, की त्यातून बाळाची झबली, दुपटी आणि लंगोट निघत. वारंवार धुतलेल्या सुती कापडातील खळ गेलेली असते. ते मऊ होते आणि घाम टिपते. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवतात व गुंड्यांऐवजी बंद लावतात, म्हणजे बाळाच्या अंगाला काही टोचत नाही.

मुलींचे परकर ‘वाढत्या मापाचे’ शिवण्याची रीत आहे. घेराच्या खालच्या बाजूस दोन-तीन बोटे रुंदीची दुमड घालून ठेवतात आणि उंची वाढली, की ती उसवतात. पोलक्याच्या शिवणीतही पुरेशी ‘माया’, म्हणजे जास्तीचे कापड, सोडले जाते. एकच कपडा त्यामुळे दोन-तीन वर्षे पुरतो.

बेतण्याचे गणित

खरी बचत शिवण्यात नव्हे, तर बेतण्यात होते. नवे सुती कापड आधी भिजवून वाळवावे; नाहीतर शिवल्यानंतर ते आटते. जुन्या वर्तमानपत्राचा कागदी नमुना कापून तो कापडावर मांडावा. पाठ, पुढा आणि बाह्या आधी बसवून उरलेल्या फटींत खिसा व पट्ट्या बसवाव्यात. गळ्याच्या गोटासाठी मात्र पट्टी उरेब, म्हणजे तिरकी, कापावी लागते. सरळ धाग्यावरची पट्टी वळणावर चुरगळते. काठ कापून फेकू नये. परकराचा घेर किंवा पिशवीचे बंद यांसाठी तो उत्तम.

शेवटचा मुक्काम : वाकळ

ज्या कापडाचे कशातच काही होत नाही, त्याची वाकळ होते. अन्यत्र जिला गोधडी म्हणतात, तीच कोल्हापूरकडची वाकळ. जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत ती शिवली जाते. बंगालचा कांथा आणि जपानचे साशिको यांचाही पाया हाच धावदोरा आणि हीच काटकसर आहे.

यंत्र आले, कापड बदलले

आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये अमेरिकेत शिलाई यंत्राचे पेटंट मिळाले. पुढे पायाने चालवायचे यंत्र भारतीय मध्यमवर्गीय घरांतही आले. जिल्ह्यातच, इचलकरंजीत, १९०४ मध्ये यंत्रमाग सुरू झाला आणि पुढे ते शहर कापडाची मोठी पेठ बनले. कापड मुबलक झाले, तरी घरची शिलाई थांबली नाही.

तिला खरा धक्का दिला तो कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी. त्या लवकर विरत नाहीत, पण घामही टिपत नाहीत; त्यांचे झबले बाळाला सोसत नाही आणि वाकळ निसरडी होते. सुती लुगडी नेसणाऱ्या पिढीबरोबर वाकळेचा कच्चा मालही ओसरत आहे. त्यातच स्वस्त तयार कपड्यांमुळे उसवणे, दंड घालणे आणि रफू करणे ही कौशल्ये पुढच्या पिढीच्या हाती पोहोचत नाहीत.

ती शिकण्यास मोठा खर्च लागत नाही. सुई, दोरा, कात्री, टेप आणि घरातील एखादी जुनी सुती साडी एवढे पुरे. आरंभ सरळ शिवणीच्या पिशवीपासून करावा, मग झबले आणि हात बसल्यावर परकर.