टाळेबंदीनंतरचे शालेय वर्ष

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर प्रथम लांबणीवर पडला, मग रद्दच झाला. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने देण्यात आले. पुढील वर्षासाठी अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. २०२१ ची दहावीची परीक्षा तर झालीच नाही. अखेर २०२२ मध्ये पहिली ते नववी व अकरावीचे वर्ग भर एप्रिलात पूर्णवेळ भरविण्याचा आदेश शासनाने काढला. भुशीकडे हे दिवस राब भाजण्याचे व लग्नसराईचे! तरी शाळेचे दिवस भरून काढणे सोपे. पण जी मुले पहिलीत शाळेचे तोंड न पाहताच दुसरीत गेली, त्यांची बाराखडी कोणत्या एप्रिलात भरून काढावयाची?