उंदीर रात्रीचा, माणूस दिवसाचा

माझी आजी ‘उंदीर पडला’ असं म्हणायची तेव्हा तिचा आवाज खाली जायचा. तिच्या सासूने प्लेगचे दिवस पाहिले होते. घरात उंदीर मरून पडला की चूल विझवायची, भांडीकुंडी उचलायची आणि रानात झोपडी घालून राहायचं. पिसूचा आणि प्लेगचा संबंध सामान्य माणसाला ठाऊक नव्हता, पण उंदीर आधी आणि माणूस नंतर, हा क्रम लोकांनी हेरला होता.

अमेरिकेतल्या नवाहो लोकांबद्दल वाचताना मला आजीचा तो आवाज आठवला.

न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा आणि कोलोरॅडो ही चार राज्यं जिथे एका बिंदूवर भेटतात, त्या भागाला ‘फोर कॉर्नर्स’ म्हणतात. तिथे आणि आजूबाजूला नवाहोंचा मुलूख आहे, महाराष्ट्राच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा. मे १९९३मध्ये तिथला एक तरुण, धडधाकट धावपटू आपल्या वाग्दत्त वधूच्या अंत्यविधीला निघाला असताना वाटेतच श्वास कोंडून गेला. तीही काही दिवसांपूर्वी अशीच गेली होती. डॉक्टरांनी जुने कागद उलगडले, तेव्हा अशा आणखी केसेस निघाल्या. आधी तापासारखं वाटायचं, मग फुप्फुसांत पाणी भरायचं. बळी बहुतेक तरणेताठे.

वर्तमानपत्रांनी लगेच बारसं केलं: ‘नवाहो फ्लू’. खरं तर आजारी पडणाऱ्यांत नवाहो नसलेलेही होते आणि हा रोग माणसाकडून माणसाला होतही नव्हता. तरी नवाहो शाळकरी मुलांना लॉस एंजेलिसच्या एका शाळेचं आलेलं आमंत्रण आयत्या वेळी मागे घेतलं गेलं. नवाहो रीतीनुसार मृत्यूनंतर चार दिवस मृताचं नाव उच्चारायचं नसतं. पत्रकार मात्र दारोदार जाऊन नावं आणि फोटो मागत होते. लोकांनी तोंडं मिटली, यात नवल काय?

बेन मुनेटा हे नवाहो समाजातलेच डॉक्टर, सरकारी आरोग्यसेवेत काम करणारे. ते एका पारंपरिक वैद्याकडे गेले. वैद्याने सांगितलं की, पाऊस-बर्फ जास्त झालं की पिन्यॉनच्या बिया उदंड येतात, मग उंदीर वाढतात आणि मग हे दुखणं येतं. १९१८ आणि १९३३च्या सुमारासही असंच झालं होतं. (पिन्यॉन म्हणजे आपल्या सुक्यामेव्यातल्या चिलगोज्याचं अमेरिकी भावंड.)

तिकडे न्यू मेक्सिको विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ सेविलेटाच्या संशोधन क्षेत्रात बरीच वर्षं रानउंदीर मोजत होते. त्यांच्या वह्या हेच सांगत होत्या. अनेक कोरड्या वर्षांनंतर १९९१-९२च्या एल निन्योने ओलावा आणला, अन्न वाढलं आणि वर्षभरात ‘डिअर माउस’ची संख्या सुमारे दहा पट झाली. अटलांटाच्या सीडीसी या संस्थेने काही आठवड्यांतच रोगाचं मूळ शोधलं: हंताव्हायरस. उंदराची लघवी, लेंड्या, लाळ वाळून धूळ होते आणि ती श्वासावाटे आत जाते.

आता नवाहोंचा जुना दंडक बघा. उंदीर रात्रीचा आणि बाहेरचा, माणूस दिवसाचा आणि घरातला; दोघांची जगं मिसळू द्यायची नाहीत. धान्य झाकून ठेवायचं. उंदराने कपड्याला स्पर्श केला तर तो कपडा जाळायचा. उंदीर घरातला सगळ्यात सशक्त तरुण निवडून नेतो, असंही ज्येष्ठ सांगत. या समजुती आणि सीडीसीच्या सूचना एकमेकांशी जुळतात, हे सीडीसीनेही नोंदवून ठेवलं आहे.

इथे मला ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ छाप फॉरवर्डची भीती वाटते. तसं नाही. विषाणू कोणालाच ठाऊक नव्हता. आणि दंडक माहीत असूनही १९९३मध्ये माणसं मेलीच. कारण भिंतींना भोकं असलेल्या घरात उंदराला बाहेर ठेवायचं कसं? सरकारी सूचना म्हणते: बंद खोली आधी अर्धा तास उघडी ठेवा, झाडू मारू नका, ब्लीचच्या पाण्याने ओलं करून पुसा. पण तिथल्या अनेक घरांत आजही नळ नाही, पाणी गाडीवर टाकी लादून मैलोनमैल आणावं लागतं. म्हणूनच नवाहो भाषेत बोलणारे, घरोघरी जाणारे त्यांचे आरोग्य प्रतिनिधी मला महत्त्वाचे वाटतात. आपल्या आशाताईंसारखेच. कुणाच्या घरात भोक कुठे आहे, हे त्यांनाच दिसतं.

१९९७-९८ला एल निन्यो पुन्हा आला. या वेळी इशारा आधीच दिला गेला होता. तरी पाठोपाठ रुग्ण वाढलेच.

राहिलं विषाणूचं नाव. ‘फोर कॉर्नर्स’ म्हणावं, तर तिथल्या रहिवाशांना ते नको होतं. मग ‘मुएर्तो कॅन्यन’ सुचलं. पण ज्या दरीच्या नावाशी ते जुळत होतं, तिथे १८०५मध्ये स्पॅनिश सैनिकांनी नवाहोंची कत्तल केली होती. नवाहोंनी हरकत घेतली आणि तेही मागे पडलं. शेवटी जे ठेवलं, ते स्पॅनिशमधलं आहे: ‘सिन नोम्ब्रे’. म्हणजे, नाव नसलेला.