पालामोसच्या धक्क्यावरील मासेमारीचे संग्रहालय

गेल्या वर्षी आम्हांस स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यातील काटालोनिया प्रांतात जाण्याचा योग आला. बार्सिलोना पाहून झाल्यावर बरोबरची मंडळी आणखी चर्चे व राजवाडे पाहण्यास उत्सुक होती; आम्ही मात्र किनाऱ्याने शंभरांवर किलोमीटर दूर असलेल्या पालामोस या बंदरगावी जाण्याचा हट्ट धरला. तेथे मासेमारीचे संग्रहालय आहे, असे आमच्या कानी आले होते. ज्याच्या स्वतःच्या घरी जाळी व वल्ही माळ्यावर पडून कुजली, त्याने परदेशी जाऊन तिकीट काढून जाळी पाहावीत, यात विनोद आहे खरा. आमच्या मंडळींनी तो बोलून दाखविला व आम्ही तो मुकाट्याने सोसला.

पालामोस हे गाव १२७९ साली पेरे राजाने आपले बंदर म्हणून वसविले. १५४३ साली तुर्की आरमाराचा सेनापती खैरुद्दीन बार्बारोसा याने ते लुटले. पुढे एकोणिसाव्या शतकात बुचाच्या व्यापाराने त्याची भरभराट झाली. परंतु हा राजांचा आणि व्यापाऱ्यांचा इतिहास झाला. संग्रहालय त्यावर फार वेळ घालवीत नाही आणि आम्हीही घालवीत नाही. २००२ साली धक्क्यावरील एका मालगोदामात ते उघडले. त्याचा सारा भर आहे तो नावेवरच्या माणसावर.

आत शिरताच ओळखीची मंडळी भेटावीत तसे आम्हांस झाले. किनाऱ्यावरून माणसांनी ओढावयाचे जाळे आपल्या रापणीचेच भावंड. काळोख्या रात्री उजेड दाखवून तारलीच्या जातीची मासळी जमवावयाची, ही तेथील जुनी रीत. प्रथम राळेच्या लाकडाचा जाळ करीत, मागाहून गॅसचे दिवे आले. सुती जाळी कुजू नयेत म्हणून पाइनच्या झाडाची साल उकळून तिच्यात ती बुडवीत असत. नायलॉन येईपर्यंत आपल्या वडीलमंडळींचे हातही असेच सालीच्या रंगाने माखलेले असत, हे ज्येष्ठ वाचकांस सांगावयास नको. मिळकतीची वाटणीदेखील आपल्याच वळणाची. खर्च वजा जाता नावेचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि मग माणसांचे वाटे. पगार हा शब्द त्या जुन्या व्यवहारात नव्हताच.

आम्ही सर्वांत अधिक रेंगाळलो ते 'बोउ' नावाच्या मासेमारीपाशी. दोन शिडाच्या नावा जोडीने चालत आणि मध्ये पिशवीसारखे एक जाळे समुद्राच्या तळावरून ओढीत नेत. काटालान भाषेत बोउ म्हणजे बैल. जोताला जुंपलेली बैलजोडी, तशी ही नावांची जोडी. अठराव्या शतकात या बैलांनी मोठा कलह माजविला. लहान जाळ्यांच्या मच्छीमारांची तक्रार अशी की, यांच्या जाळ्यात पिल्ले मरतात आणि तळाची खराबी होते. सरकारने बंदी घालावी, पुन्हा सैल करावी, पुन्हा घालावी, असे वारंवार झाले. सान्येस रेग्वार्त नावाच्या गृहस्थाने त्याच काळी, १७९१ ते १७९५ या वर्षांत, स्पेनमधील मासेमारीच्या साधनांचा कोश पाच खंडांत चित्रांसह छापला. त्या खंडांचा विचार करताना आमच्या मनात आले की, आपल्या किनाऱ्यावर डोल, रापण आणि वाव यांचे असे चित्रमय खंड त्या काळी कोणी केले असते तर! पर्ससीन जाळ्यांवरून आपल्याकडे जो वाद पेटला आणि २०१६ साली महाराष्ट्र सरकारला ज्यावर निर्बंध घालावे लागले, त्या वादातील निम्मी भाषणे अडीचशे वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रावर होऊन गेलेली आहेत.

पुढे शीड गेले आणि यंत्र आले. पालामोससमोर समुद्राच्या पोटात एक खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळपर्यंत आलेली आहे. तिच्या उतारांवर शेकडो मीटर खोलीत तांबडी कोळंबी सापडते व तिच्यावरच आज गावाचे नाव चालते. यंत्राची ताकद वाढत गेली तशी जाळी अधिक खोल उतरली. २०१२ साली शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, या दरीचे उतार वर्षानुवर्षांच्या ओढीने शेत नांगरावे तसे सपाट होत गेले आहेत. बैलाचे नाव अशा रीतीने सार्थ झाले.

येथे तेथील मच्छीमारांच्या संस्थेविषयी लिहिणे प्राप्त आहे. तिला ते कोन्फ्रारिया म्हणतात. अशा संस्था मध्ययुगापासूनच्या. मुळात संताच्या नावाने स्थापिलेल्या, आजाऱ्यास मदत करणाऱ्या, विधवेस आधार देणाऱ्या. त्या जन्मावर नव्हे तर धंद्यावर उभ्या आहेत, हा आपल्या ज्ञातिसंस्थांहून त्यांचा मोठा फरक. आज लिलावही त्यांच्याच हाती असतो. कोळंबी घटू लागली तेव्हा पालामोसच्या कोन्फ्रारियाने शास्त्रज्ञ व सरकार यांच्यासमवेत बसून नियम ठरविले. २०१३ साली त्यांस कायद्याचे रूप आले. लहान कोळंबी वाढीस लागते त्या हिवाळ्यात साठ दिवस नावा बंद, आणि पिल्ले निसटतील अशी चौकोनी, मोठी भोके जाळ्यास. आपल्याकडे पावसाळ्यात नावा वर ओढण्याची आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून पुन्हा लोटण्याची रीत कायद्याच्या पूर्वीपासूनची आहे. परंतु ती आपण वादळाच्या भयाने पाळीत आलो. त्यांनी ती हिशेब मांडून स्वतःवर लादून घेतली.

संग्रहालयाबाहेर धक्क्याला 'गासेला' व 'एस्त्रेया पोलार' या दोन निवृत्त नावा बांधलेल्या आहेत. त्यांचे भाग्य मोठे. मासेमारी कमी करावी म्हणून युरोपीय संघाने नाव मोडीत काढणाऱ्यास अनुदान दिले आणि त्या ओघात भूमध्य किनाऱ्यावरील कितीतरी जुन्या लाकडी नावा यंत्राने चिरडल्या गेल्या. मासळी वाचविण्याचा हेतू रास्त होता. तथापि सुताराची तीन पिढ्यांची विद्या जिच्यात होती ती नावही त्याबरोबर गेली, हा हिशेब कोणी धरला नाही.

दुपार कलल्यावर नावा परतल्या आणि शेजारीच लिलाव सुरू झाला. तेथे भाव चढत नाही, उतरत जातो. ज्याने प्रथम थांबविला त्याचा माल. संग्रहालयाचे दार आणि लिलावाचे दार यांत चार पावलांचे अंतर. तेथील वृद्ध मच्छीमारांस बोलावून त्यांच्या आठवणी टिपून ठेवण्याचे कामही हे संग्रहालय करते.

ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी शिडाच्या मचव्याचे छायाचित्र, जुने जाळे, तांडेलाची वही अथवा वाट्यांचा हिशेब शिल्लक असेल, त्यांनी तो टाकून देण्यापूर्वी चिटणीसांस कळवावे. आजोबा अद्याप बोलते असतील तर त्यांचेही नाव कळवावे; आम्ही स्वतः वही घेऊन येऊ.